'टिटवी' : १९११ सालची एक काल्पनिक हलकी क्रूझर (वजनाचा हिशेब जुळतोय का बघा)

पाणकावळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वहीत रेघोट्या मारतोय, आता चारचौघांसमोर मांडायचं धाडस करतो.

एक काल्पनिक देश धरा. किनारा लांबलचक, मोठी बंदरं दोनच, आणि त्यांच्यामध्ये खडकाळ बेटांची माळ. खजिना बेताचा. शेजाऱ्याकडे १८९० च्या दशकातल्या चार-पाच जुन्या क्रूझर आणि डझनभर विनाशिका. साल १९११. आपल्या देशाला परदेशी गोदीकडून एकच हलकी क्रूझर (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) बांधून घ्यायची आहे. दुसरी मिळणार नाही. दोन बंधनं आहेत : घरची सुकी गोदी १४० मीटर लांब, आणि मुख्य बंदराच्या तोंडाशी ओहोटीला ५.३ मीटर पाणी.

जहाजाचं नाव 'टिटवी'. काम टेहळणीचं.

माझा आराखडा असा. लांबी १२० मीटर, रुंदी १२, पाण्याखालची खोली ४.४, वजन ३,२५० टन. आठ तोफा, सगळ्या १५२ मिलिमीटर तोंडाच्या म्हणजे सहा इंची. कुशीला ७५ मिलिमीटरचा चिलखती पट्टा, ७० मीटर लांब, अडीच मीटर उंच, त्यातला १.३ मीटर पाण्याच्या वर. डेकला २५ मिलिमीटर. वेग २८ नॉट (ताशी सागरी मैल). १० नॉटने गेलं तर पल्ला ६,००० सागरी मैल. कोळसा आणि तेल दोन्हीवर चालणारे बॉयलर. पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) दोन नळ्या. धुराडी चार.

चार का? तर चार छान दिसतात. झोडा आता.

जुनाट बॉयलर

वा! अशा धाग्याची वाट बघत होतो. वाचनखूण साठवली आहे.

पण पाणकावळेराव, धुराडी 'छान दिसतात म्हणून' मोजायची नसतात. बॉयलरच्या खोल्या किती आणि त्यांतला धूर कुठून काढायचा यावर धुराडी ठरतात. आधी बॉयलर मांडा, धुराडी आपोआप येतील. अर्थात दिसण्याला किंमत नाही असंही नाही. एम्डेन या जर्मन क्रूझरला धुराडी तीनच होती. १९१४ च्या ऑक्टोबरात पेनांगच्या बंदरात शिरताना तिने चौथं खोटं धुराडं उभं केलं होतं, म्हणजे लांबून ब्रिटिश क्रूझर वाटावी. आत जाऊन तिने झेमचुग ही रशियन क्रूझर बुडवली. तर तुमचं चौथं कापडाचं करा, वजनही वाचेल. (कृपया हलकेच घ्या)

गणितमास्तर

आराखडा देखणा आहे. दुर्दैवाने तरंगणार नाही. म्हणजे तरंगेल, पण तुम्ही म्हणता त्या रेषेवर नाही.

आधी वेगाचं बोलू. त्या काळी नौदलातले लोक एक ठोकताळा वापरत : वजनाच्या दोन तृतीयांश घाताला वेगाच्या घनाने गुणायचं आणि अश्वशक्तीने भागायचं. येणारा आकडा जितका मोठा तितकं जहाज कमी कष्टात पळतं. १९१० ची ब्रिटिश क्रूझर ब्रिस्टल घ्या. साधारण ४,८०० टन, २२,००० अश्वशक्ती, २५ नॉट. आकडा येतो २०० च्या आसपास. १९१३ साली पाण्यात उतरलेली अरेथ्यूजा घ्या, तीही ब्रिटिश. सुमारे ३,५०० टन, ४०,००० अश्वशक्ती, २८.५ नॉट. आकडा घसरून १३३. साडेतीन नॉटसाठी जवळपास दुप्पट शक्ती, तीही लहान जहाजात.

तुमची टिटवी अरेथ्यूजाच्याच पंक्तीतली. १३३ धरला तर २८ नॉटसाठी सुमारे ३६,००० अश्वशक्ती लागते. दोन्ही इंधनांचे बॉयलर असल्यामुळे दर अश्वशक्तीमागे यंत्रांचं वजन मी २६ किलो धरतो. झाले ९४० टन.

आता बाकीचं. सांगाडा आणि पत्रे : ३८ टक्के धरले तर १,२४० टन. पट्टा, डेक आणि कप्तानाचा चिलखती मनोरा मिळून ३८० टन. आठ तोफा ढालींसकट, प्रत्येकी दीडशे गोळे, वर पाणतीर : २२० टन. सहा हजार मैलांचं इंधन हजार टनांच्या खाली बसत नाही. माणसं, पाणी, होड्या, नांगर, साखळ्या, शिधा : २५० टन.

बेरीज ४,०३० टन. तुमचं जहाज ३,२५० चं. ७८० टन जास्त.

या आकाराचं जहाज एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे १० टन लागतात. म्हणजे टिटवी ७८ सेंटिमीटर जास्त बुडणार. पट्ट्याचा पाण्यावरचा भाग १.३ मीटरवरून ५२ सेंटिमीटरवर येणार. आणि खोली ५.१८ मीटर झाल्यावर बंदराच्या तोंडाशी तळाखाली पाणी उरणार बारा सेंटिमीटर. रोज संध्याकाळी घरी येताना कप्तानाने श्वास रोखून धरायचा का?

पाणकावळा

मास्तर, दंडवत. बारा सेंटिमीटर वाचून चहा सांडला.

पण एक शंका. जहाजांचं 'नेहमीचं वजन' सांगताना पूर्ण इंधन धरत नाहीत ना? निम्मा कोळसा धरला तर ५०० टन तिथेच सुटतात.

गणितमास्तर

बरोबर, कागदावरचं वजन अर्ध्या-पाऊण इंधनावर सांगायची पद्धत होती, आणि जाहिरातीला ती सोयीची असते. पण टेहळणीचं जहाज बंदरातून निघतं ते कोठारं भरूनच. शत्रू पहिल्याच दिवशी भेटला तर त्याला 'थांबा, निम्मा कोळसा जाळून येतो' म्हणणार? भरलेल्या वजनावर हिशेब करा, बाकी सगळं मनाची समजूत.

शंकासुर

नेहमीप्रमाणे खोड काढतो. साल १९११ आहे आणि तुम्ही १९१३ ची अरेथ्यूजा दाखवताय. १९११ च्या अभियंत्याला ती ठाऊक नव्हती.

गणितमास्तर

मान्य. पण लाटेचं गणित त्यालाही ठाऊक होतं. जहाज चालताना नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक लाट उठवतं. वेग वाढला की ती लाट लांब होत जाते. लाट जहाजाएवढी लांब झाली की नाळ लाटेच्या शिखरावर, पिछाडीही पुढच्या शिखरावर, आणि त्यापुढे रेटलं की पिछाडी खळग्यात बसते. मग जहाज स्वतःच केलेल्या टेकडीवर चढत राहतं. १२० मीटरच्या जहाजासाठी ही वेळ येते २६.६ नॉटला. तुम्ही मागताय २८. विनाशिका हे करतात, पण त्यांच्या पोटात इंजिनाशिवाय फारसं काही नसतं. लांबी १३२ मीटर केली तर तोच उंबरठा २७.९ नॉटवर सरकतो. लांबी ही सगळ्यात स्वस्त अश्वशक्ती आहे, कारण तिला कोळसा लागत नाही.

खारा वारा

+१ मास्तरांना. आणि गोदी १४० मीटरची आहेच की, १३२ आरामात बसेल.

पण मला मूळ प्रश्न वेगळा पडलाय. २८ नॉट कशासाठी? पळायचं कोणापासून? शेजाऱ्याच्या जुन्या क्रूझर वीस-बावीस नॉटच्या. त्यांच्यासाठी पंचवीससुद्धा पुष्कळ. उरल्या विनाशिका. त्या चाचणीत तीस नॉट दाखवतात, पण चाचणी होते शांत पाण्यात आणि हलक्या वजनावर. खवळलेल्या समुद्रात आठशे टनांची विनाशिका आणि चार हजार टनांची क्रूझर समोरासमोर लाटा कापू लागल्या की विनाशिकेलाच आधी वेग सोडावा लागतो. २६.५ ठेवा.

पाणकावळा

ठीक. दीड नॉट सोडला. जीव तुटला पण सोडला.

तोफा मात्र आठच हव्यात. शेजाऱ्याच्या जुन्या क्रूझरवर दहा-दहा तोफा आहेत हो.

खारा वारा

किती तोफा आहेत त्यापेक्षा एका बाजूला किती झाडता येतात ते बघा. तुमच्या आठ कुठे कुठे आहेत? नाळेवर एक, पिछाडीला एक, आणि दोन्ही कुशींना तीन-तीन, बरोबर? ही ब्रिटिश क्रूझर वेमथची मांडणी. म्हणजे शत्रू उजवीकडे असेल तर डाव्या कुशीच्या तीन तोफा आणि त्यांवरची माणसं समुद्र बघत बसणार. एका बाजूला फक्त पाच.

तर पाचच ठेवा, आणि पाचही मध्यरेषेवर. मारा तोच. तीन तोफा, त्यांचे साडेचारशे गोळे आणि त्यांवरची माणसं वाचली. शिवाय कुशीच्या तोफा डेकच्या कडेला असतात, तिथे लाटांचं पाणी सतत अंगावर. मधल्या तोफा त्या मानाने कोरड्या.

शंकासुर

१९११! १९११! ब्रिटिशांनी पाच सहा-इंची मध्यरेषेवर मांडून हलकी क्रूझर काढली ती सेंटॉर, १९१६ साली.

खारा वारा

शंकासुरा, त्यात न समजण्यासारखं काय होतं? एका तोफेच्या डोक्यावरून दुसरीने मारा करायची मांडणी अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना या युद्धनौकेवर १९१० सालीच समुद्रात होती. लहान जहाजावर कोणी आणली नव्हती इतकंच. लहान देशाला तीन तोफांचे पैसे वाचवायचे असतील तर त्याला ही कल्पना मोठ्या नौदलाच्या आधी सुचू शकते. गरज त्यालाच जास्त आहे.

शंकासुर

हे पटलं. माघार. पण वरच्या तोफेच्या नळीचा धक्का खालच्या तोफेवरच्या माणसांना बसतो, एवढं लिहून ठेवा. उघड्या ढालीच्या तोफेला तो जास्त लागणार.

गणितमास्तर

आणि तोल. पंधरा टनांची तोफ अडीच मीटर वर उचलली तर चार हजार टनांच्या जहाजाचा गुरुत्वमध्य जेमतेम एक सेंटिमीटर वर जातो. घाबरायचं कारण नाही. पण जहाजं एका तोफेने कधीच उलटत नाहीत. एक तोफ, मग तिच्याखालचा चौथरा, मग पूल (कप्तान उभा राहतो तो मंच) जरा उंच, मग पुलावर छप्पर, मग दिव्याचा मनोरा. प्रत्येक जण 'एकच सेंटिमीटर' म्हणतो. म्हणून रुंदी १३ करा. तोल रुंदीच्या घनाच्या हिशेबाने सुधारतो, त्यामुळे एका मीटरमध्ये पुष्कळ मिळतं. फार नको, नाहीतर जहाज झटक्यात सरळ होऊ लागतं आणि तोफेला नेम धरता येत नाही.

सागरगोटी

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. सहा इंचीच का? चार इंची बऱ्याच बसतील ना? लवकर भरता येतात म्हणे.

खारा वारा

ताई, चांगला प्रश्न, आणि त्या काळी यावर खरोखरच दोन तट होते. जर्मन हलक्या क्रूझर १०५ मिलिमीटरवर अडून बसल्या होत्या. गोळा साधारण १७ किलोचा, पटापट भरता येणारा, आणि नळी उंच उचलता येत असल्याने पल्लाही चांगला. सहा इंची गोळा ४५ किलोचा. तो हलत्या डेकवर हातात घेऊन नळीत घालायचा म्हणजे गडी थकतात. ब्रिस्टलवर तर दोन सहा इंची आणि दहा चार इंची अशी भेळ होती.

निकाल लागला ९ नोव्हेंबर १९१४ ला, हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांजवळ. एम्डेनच्या दहा १०५ मिलिमीटरच्या तोफा, समोर सिडनी या ऑस्ट्रेलियन क्रूझरच्या आठ सहा इंची. एम्डेनने आधी नेम साधला. पहिल्या काही मिनिटांत सिडनीचं एक अंतरमापक उडालं. पण १७ किलोच्या गोळ्यांनी सिडनी थांबली नाही. ती वेगाने आणि पल्ल्यानेही वरचढ होती. एकदा तिचे ४५ किलोचे गोळे लागू लागले तेव्हा एम्डेनची धुराडी, डोलकाठी, तोफा एकेक करून गेल्या, आणि शेवटी कप्तान म्युलरने ती बेटाच्या खडकांवर चढवली. सिडनीचे चार जण गेले, एम्डेनचे शंभराहून अधिक.

म्हणजे विनाशिका पळवायला चार इंची पुरते. क्रूझरशी गाठ पडली तर सहा इंची लागते. आपल्या टिटवीला दोन्ही भेटणार आहेत.

सागरगोटी

धन्यवाद. मधला काही पर्याय?

जुनाट बॉयलर

होता ना. साडेपाच इंची. गोळा ३७ किलोचा, माणसाच्या हाताला बेताचा. ग्रीसने ब्रिटिश गोदीत दोन क्रूझर मागवल्या होत्या, त्यांच्यासाठी ही तोफ. युद्ध लागल्यावर ब्रिटिशांनी ती जहाजं स्वतःच घेतली. त्यातलीच एक चेस्टर. पण १९११ ला ही तोफ बाजारात नाही, शंकासुर येण्याआधी मीच सांगून टाकतो.

चेस्टरवरून आठवलं. ३१ मे १९१६ ला ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांच्या जटलंडच्या लढाईत तिच्यावर भडिमार झाला. तोफांना पुढून ढाली होत्या, पण त्या डेकपर्यंत पोचत नव्हत्या. खालच्या फटीतून गोळ्यांच्या चिपा घुसल्या आणि तोफांवरच्या कितीतरी माणसांचे पाय गेले. सोळा वर्षांचा जॅक कॉर्नवेल याच जहाजावर, पुढच्या तोफेशी होता. आजूबाजूचे पडले तरी तो जागेवर उभा राहिला, आणि दोन दिवसांनी रुग्णालयात गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

टिटवीच्या ढाली डेकला टेकलेल्या काढा, पाणकावळेराव. दर तोफेमागे फार तर अर्धा टन वाढेल. कुठूनही काढा, पण काढा.

पाणकावळा

काढल्या. पट्टा ७५ वरून ५० मिलिमीटर करतोय, तिथून येईल ते वजन.

खारा वारा

५० चालेल. मागे जहाजाचा जाड पत्रा आहेच. ब्रिटिश चॅथम वर्गात पट्टा हा जहाजाच्या अंगाचाच भाग होता, पत्र्यावर लटकवलेलं ओझं नव्हतं. म्हणजे तो गोळाही अडवतो आणि लाटांवर जहाज वाकतं तेव्हा ताणही घेतो. जर्मनांची माग्डेबुर्ग १९११ लाच पाण्यात उतरली, तिला ६० मिलिमीटरचा पट्टा होता. एम्डेनला पट्टाच नव्हता, फक्त आतला उतरता चिलखती डेक. तेव्हा पट्टा देऊन आपण काळाच्या बरोबर आहोत, मागे नाही.

शंकासुर

माग्डेबुर्ग तीच ना, १९१४ च्या ऑगस्टमध्ये धुक्यात बाल्टिकमध्ये खडकावर चढली आणि रशियनांना तिच्यावरची सांकेतिक पुस्तकं मिळाली? जहाजापेक्षा पुस्तकं महाग पडली. टिटवीच्या पुस्तकांना शिशाची बांधणी करा, पाण्यात टाकली की बुडाली पाहिजेत. हे वजन मात्र मी देतो.

जुनाट बॉयलर

आता माझ्या खात्याकडे या. यंत्रं कोणती? कोणी विचारलंच नाही.

मी उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढली, वाफेवरच्या शेवटच्या काही जहाजांवर. त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरणं कठीण. मास्तरांनी नुसते '९४० टन' लिहिले, पण त्या आकड्यात दोन वेगळे संसार आहेत. एक दट्ट्याचं (पिस्टनचं) इंजिन, तीनदा वाफ वापरणारं. दुसरं पार्सन्सचं टर्बाइन, म्हणजे वाफेच्या झोताने गरगर फिरणारं चक्र. १८९७ साली स्पिटहेडच्या नौदल संचलनात टर्बिनिया नावाच्या छोट्या बोटीने ३४ नॉटची धाव दाखवून सगळ्यांची तोंडं बंद केली, तेव्हापासून टर्बाइनचा बोलबाला.

दट्ट्याचं इंजिन पूर्ण वेगाने काही तास चालवा, खोली म्हणजे लोहाराची भट्टी. बेअरिंगांवर सतत पाणी, तेलाचे फवारे, माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. टर्बाइन त्या मानाने शांत गुणगुणतं. पण हळू चालताना टर्बाइन खादाड. ब्रिटिशांनी एकाच वर्गाच्या जहाजांत तुलना करून पाहिली : टोपाझला दट्टे, ॲमेथिस्टला टर्बाइन. साधारण १४ नॉटच्या वर ॲमेथिस्ट कमी कोळशात जाई, त्याखाली टोपाझ. अमेरिकनांनी तर तीन बहिणींना तीन यंत्रं दिली. बर्मिंगहॅमला दट्टे, चेस्टरला पार्सन्स, सेलमला कर्टिस (दुसऱ्या बनावटीचं टर्बाइन). (ही चेस्टर वेगळी, वरची ब्रिटिश.) जर्मनांत ड्रेस्डेनला टर्बाइन आणि तिची बहीण एम्डेन दट्ट्यांवर.

कारण साधं आहे. टर्बाइनला जोरात फिरायला आवडतं, जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला सावकाश. दोघांना एकाच दांड्यावर बांधलं की दोघांचीही कुचंबणा. मध्ये दातेरी चक्रं घालून हा तंटा नंतर मिटला, पण १९११ ला मोठ्या जहाजासाठी तो भरवशाचा मार्ग नव्हता.

आता टिटवीचं काम बघा. टेहळणी म्हणजे दहा-बारा नॉटने दिवसचे दिवस गस्त, आणि मग एखाद्या दुपारी तीन तास जीव घेऊन पळणं. गस्तीला दट्टे बरे, पळायला टर्बाइन. निवडा.

पाणकावळा

टर्बाइन. तीन तासांसाठीच जहाज बांधतोय ना. गस्तीसाठी वेगळं छोटं टर्बाइन जोडतात म्हणे?

जुनाट बॉयलर

जोडतात. थोडं वजन, बऱ्यापैकी बचत, पुष्कळ नळ आणि झडपा. इंजिनखात्याच्या शिव्या मोफत.

पल्ला मात्र ६,००० सोडा. ४,५०० धरा. किनाऱ्यापासून फार लांब जायचंच नाहीये तुम्हाला. एम्डेन महिनोन्महिने हिंडली ती पोटातल्या कोळशावर नाही. मागे मार्कोमानिया हे कोळशाचं जहाज होतं, नंतर पकडलेली कोळशाची जहाजं. आणि दर वेळी निवाऱ्याच्या पाण्यात सगळ्या खलाशांनी टोपल्या वाहून कोळसा भरायचा.

सागरगोटी

मग सरळ तेलच का नको? अरेथ्यूजा तेलावरच होती ना?

खारा वारा

होती. पण तेल कुठून आणायचं? ब्रिटिश सरकारने १९१४ मध्ये अँग्लो-पर्शियन कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला तो याच काळजीने. लहान देशाने तेलावर जहाज बांधलं की लढाईच्या आधीच नाडी परक्याच्या हातात. कोळसा निदान साठवून ठेवता येतो. शिवाय कुशीची कोळसाकोठारं चिलखताचं काम करतात. जुना ठोकताळा असा की दोन फूट कोळसा म्हणजे एक इंच पोलाद.

जुनाट बॉयलर

आणि लढाईच्या दिवशी त्या कुशीतला कोळसा आधीच जाळून झालेला असतो, हा त्या ठोकताळ्याचा दुसरा अर्धा भाग. पण मुद्दा मान्य. ६५० टन कोळसा, २५० टन तेल. पळायच्या वेळी कोळशावर तेलाचा फवारा मारायचा. भट्टीत कोळसा घालणाऱ्या फायरमनच्या पाठीलाही विसावा.

गणितमास्तर

सगळ्यांचं धरून पुन्हा मांडलं. १३२ × १३ × ४.७ मीटर, ४,१३० टन, भरलेल्या वजनाचे.

सांगाडा १,५७०. यंत्रं : २६.५ नॉटला आता आकडा १७० च्या आसपास धरता येतो, म्हणजे २८,००० अश्वशक्ती पुरे, ७३० टन. ५० मिलिमीटरचा पट्टा आणि २० चा डेक, मनोऱ्यासकट ३००. पाच तोफा टेकलेल्या ढालींसह, गोळे, पाणतीर १५०. इंधन ९००. माणसं आणि संसार २८०.

बेरीज ३,९३०. दोनशे टन शिल्लक!

जहाज मोठं झालं आणि यंत्रं दोनशे टनांनी हलकी झाली, हे पुन्हा एकदा वाचा. बंदराच्या तोंडाशी तळाखाली आता साठ सेंटिमीटर पाणी.

पाणकावळा

मास्तर!! दोनशे टन! म्हणजे आणखी दोन तोफा

खारा वारा

नाही.

जुनाट बॉयलर

नाही.

शंकासुर

प्रथमच सर्वांशी सहमत. नाही.

पाणकावळा

बरं बरं. गंमत केली. (केली नव्हती.)

सागरगोटी

एक बाळबोध प्रश्न विचारू? दोन दिवस धागा वाचतेय. तोफा झाल्या, ढाली झाल्या, कोळसा झाला. हे जहाज टेहळणीचं आहे. बेटांच्या माळेपलीकडे त्याला शत्रूचा ताफा दिसला. बरं. सांगणार कोणाला आणि कसं? बिनतारी संदेशाची खोली आराखड्यात मला कुठेच दिसली नाही.

गणितमास्तर

…

माझ्या हिशेबातही नाही. 'माणसं आणि संसार' मध्ये गेली असणार असं म्हणून वेळ मारून नेऊ शकतो, पण नाही. विसरलो.

खारा वारा

ताईंनी सगळ्यांची दांडी उडवली.

जटलंडच्या लढाईत सगळ्यात आधी 'शत्रू दिसला' हा संदेश कोणी पाठवला माहितेय? गॅलेटियाने. अरेथ्यूजाचीच बहीण. एका डॅनिश व्यापारी जहाजाची चौकशी करायला ती आडवाटेला गेली आणि पलीकडून त्याच जहाजाकडे आलेली जर्मन जहाजं तिला दिसली. मागे अडीचशे जहाजं एकमेकांच्या दिशेने निघाली ती त्या संदेशाने. त्या क्षणी तिच्या तोफा किती इंची होत्या याने काही फरक पडला नसता.

उलट बाजूही बघा. एम्डेन कोकोसला गेलीच होती तिथलं तार आणि बिनतारी केंद्र मोडायला. तिची माणसं किनाऱ्यावर पोचेपर्यंत केंद्रातून संदेश सुटला होता. तो ऐकून सिडनी आली.

पाणकावळा

तिचं नाव टिटवी ठेवलं आणि कंठच द्यायला विसरलो. टिटवी चोचीने कोणाला मारत नाही, ओरडून रान जागं करते. नाव ठेवताना हेच डोक्यात होतं, मग तोफांच्या नादात गेलं.

ठीक. दोनशे टनांतून आधी हे. बिनतारी खोली पुलाखालून काढून डेकखाली, पट्ट्याच्या आत, दोन बॉयलरखोल्यांच्या मागे. वीज दोन वेगळ्या जनित्रांवरून, एक पुढे एक मागे, म्हणजे एक खोली पाण्याने भरली तरी ओरडता येईल. सुटी तार आणि कप्प्या दोन्ही डोलकाठ्यांच्या पायाशी तयार.

जुनाट बॉयलर

बॉयलरखोलीशेजारी नको हो! त्या उकाड्यात बिचारा संदेशवाला वितळेल. पिछाडीकडे न्या, टर्बाइनच्या मागे. आणि तोंडनळी थेट पुलापर्यंत, मध्ये कोणाला निरोप घेऊन पळायला लावू नका.

शंकासुर

पिछाडीकडे दोन तोफा आहेत, त्यांच्या धक्क्याने यंत्रातल्या नाजूक वस्तू हलणार. खाली रबराच्या बैठका घाला. १९११ ला रबर होतं, तपासायला नको.

गणितमास्तर

सगळं मिळून वीस-पंचवीस टन धरतो. उरलेल्या पावणेदोनशेला कोणी हात लावायचा नाही. गोदीत बांधताना जहाज फुगतं, आणि बांधून झाल्यावर नौदल त्यात दर वर्षी काहीतरी घुसडतं.

सागरगोटी

आणखी एक. तार दोन डोलकाठ्यांमध्ये ताणतात ना? मग पल्ला तारेच्या उंचीवर आणि लांबीवर अवलंबून. पाणकावळेदादा, तुमच्या चित्रात मागची डोलकाठी अगदीच बुटकी आहे, आणि ती नेमकी मागच्या वरच्या तोफेच्या फिरण्याच्या आड येते.

पाणकावळा

आत्ता पाहिलं. खरंच येते. तोफ डावीकडे वळवली की नळी डोलकाठीच्या ताणदोऱ्यांत अडकते. ताणदोरे काढले तर काठी लटपटणार, तीन पायांची केली तर वजन वर जाणार.

रात्री नवीन चित्र टाकतो. मास्तर, तीन पायांच्या काठीचं वजन किती धरू?

गणितमास्तर

उंची सांगा आधी.